‘जरी’, ‘तरी’ आणि ‘ऑल्दो’

धारच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवताना दरवर्षी एक वाक्य उत्तरपत्रिकेत हमखास सापडते : ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वुई वेंट टु कॉलेज.’ वर्गातली थोडी मुले घरी मराठी बोलतात, बाकीची हिंदी किंवा माळवी. चूक मात्र सर्वांची एकच. अनेक वर्षे मी लाल शाईने ‘बट’ खोडून पुढे जात असे. एका विद्यार्थ्याने ‘का?’ असे विचारले, तेव्हा लक्षात आले की याचे उत्तर द्यायचे तर आधी आपल्याच ‘जरी–तरी’कडे पाहावे लागेल.

विरोध दोन प्रकारचा असतो. ‘धारला किल्ला आहे, पण देवासला टेकडी आहे’ या वाक्यात नुसता फरक सांगितला आहे. धारला किल्ला आहे म्हणून देवासला टेकडी नसावी, असे कोणी धरून चाललेले नसते. आता दुसरे वाक्य घ्या : ‘देवास शहर एकच होते, पण राज्ये दोन होती.’ तुकोजीराव व जिवाजीराव या पवार बंधूंमुळे देवासच्या थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन गाद्या झाल्या आणि संस्थाने विलीन होईपर्यंत एकाच गावात दोन दरबार नांदले. एक गाव म्हणजे एक राज्य, अशी आपली साधी अपेक्षा असते. दुसरे वाक्य ती अपेक्षा मोडते. हा अनपेक्षित विरोध.

‘पण’ दोन्हीकडे चालतो, म्हणून तो आपल्याला फरक दाखवत नाही. फरक दाखवतो ‘तरी’. ‘शहर एक होते, तरी राज्ये दोन होती’ हे वाक्य चोख आहे. ‘धारला किल्ला आहे, तरी देवासला टेकडी आहे’ असे म्हटले, तर ऐकणारा हसेल. ‘तरी’ अपेक्षाभंगाशिवाय येत नाही. विद्यार्थ्यांना मी हीच कसोटी देते : मराठी वाक्यात ‘तरी’ बसत असेल, तरच इंग्रजीत ‘ऑल्दो’ लिहा. नुसता फरक असेल तर ‘बट’ किंवा ‘व्हाइल’ पुरे.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. संस्कृत साहित्यशास्त्रात कारण नसताना कार्य घडले तर ‘विभावना’ आणि कारणे सगळी हजर असताना कार्य घडले नाही तर ‘विशेषोक्ती’ मानतात. दोन्ही अलंकार अपेक्षाभंगावरच उभे आहेत. ज्या धारेत बसून भोजराजाने ‘सरस्वतीकंठाभरण’ आणि ‘शृंगारप्रकाश’ यांसारखे ग्रंथ सिद्ध केले, तिथल्या विद्यार्थ्यांना ‘ऑल्दो’ समजावताना विभावनेची आठवण करून द्यायला मला संकोच वाटत नाही.

आता त्या खोडलेल्या ‘बट’कडे येऊ. शालेय व्याकरणात ‘पण, परंतु, परी’ ही न्यूनत्वबोधक अव्यये म्हणून शिकवतात. ती दोन बरोबरीची वाक्ये जोडतात. ‘जरी–तरी’ संकेतबोधकांत येतात. तिथे एक वाक्य गौण आणि दुसरे मुख्य असते. इंग्रजीतही हाच भेद आहे. ‘ऑल्दो’ लावताच पहिले वाक्य गौण होते. ‘बट’ला मात्र दोन्ही बाजूंना बरोबरीची वाक्ये हवी असतात. एकाच वाक्याला गौणही करायचे आणि बरोबरीचाही मान द्यायचा, हे जमत नाही. म्हणून दोघांपैकी एकच ठेवावा. ‘दो’ बरोबर ‘येट’ मात्र चालतो. रेन आणि मार्टिनच्या व्याकरणात ही जोडी दिलेली आहे, कारण तिथे ‘येट’ आपल्या ‘तरी’सारखा आधीच्या वाक्याकडे बोट दाखवतो.

मग मुले ‘बट’ का लिहितात? हिंदीत ‘हालाँकि’नंतर ‘लेकिन’ सर्रास येते आणि ते तिथे शोभतेही. मराठीतही आपण जोडी वापरतो. पण मराठीच्या जोडीत भार कोणावर आहे ते पाहा. ‘पाऊस होता, तरी गेलो’ यात ‘जरी’ गळला, काही बिघडले नाही. ‘जरी पाऊस होता, गेलो’ हे मात्र लंगडे वाटते. मराठीत दुसऱ्या वाक्यातला ‘तरी’ हवाच. इंग्रजीत पहिल्या वाक्यातल्या ‘ऑल्दो’वर काम भागते. ही उलटापालट एकदा फळ्यावर मांडली, की लाल शाई बरीच वाचते.

दुसरी चूक ‘डिस्पाइट ऑफ’ची. ‘इन स्पाइट ऑफ’मधला ‘ऑफ’ मुले इकडे ओढून आणतात. या दोहोंपुढे पूर्ण वाक्य येत नाही; नाम किंवा ‘आयएनजी’ लागलेले रूप येते. आपल्या ‘असूनही, होऊनही’ची जागा तीच. क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व १९४८ साली देवासला आले. एक फुप्फुस निकामी होऊनही ते पुढे गायले, आणि कसे गायले ते सारा देश जाणतो. या ‘होऊनही’साठी ‘डिस्पाइट’ योग्य. तेच पूर्ण वाक्याने सांगायचे असेल, तर ‘ऑल्दो’ घ्यावा.

लेखकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट क्रमाची. ‘गाव लहान असले तरी गवई मोठा’ आणि ‘गवई मोठा असला तरी गाव लहान’ यांत माहिती तीच आहे, पण ‘तरी’नंतर जे येते ते वाचकाच्या मनात राहते. ‘तरी’च्या आधी आपण मान्य करतो, नंतर आपली बाजू सांगतो.

हे मला एका मुलीने शिकवले. देवासला सुटीच्या दिवशी मी काही मराठी घरांतल्या मुलांना मराठी लिहायला शिकवते. पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहिलेली ही कुटुंबे. मुलांची शाळा हिंदीत किंवा इंग्रजीत. स्वतःविषयी चार ओळी लिहायला सांगितल्या, तेव्हा तिने लिहिले : ‘जरी मी मराठी आहे, पण मला मराठी लिहिता येत नाही.’ मी सवयीने ‘पण’ खोडला आणि वर लिहिले, ‘मी मराठी असूनही मला मराठी लिहिता येत नाही.’ व्याकरण सुधारले. तिचा चेहरा मात्र उतरला. वाक्य तिच्या उणिवेपाशी येऊन थांबले होते.

मग आम्ही दोघींनी क्रम बदलला. तिने सावकाश, ऱ्हस्व-दीर्घ विचारत, नवे वाक्य वहीत उतरवले : ‘मला मराठी नीट लिहिता येत नसले, तरी मी मराठी आहे.’

पुढच्या खेपेला ती वही घेऊन वेळेआधी आली.