हिंजवडीचे ऊन आणि मुलांचे विज्ञान

चैत्री पौर्णिमेला म्हातोबाचे बगाड निघून गेले, की हिंजवडीत उन्हाळ्याचा खरा अंमल सुरू होतो, आणि त्याच सुमारास माहिती तंत्रज्ञान उद्यानाच्या तीनही टप्प्यांभोवती उभ्या राहिलेल्या गृहसंकुलांच्या फाटकांवर मुलांच्या शिबिरांचे फलक झळकू लागतात. सकाळी मुलांना क्लबहाउसात पोचते करावे आणि दुपारी, किंवा आईवडील दोघेही कचेरीत असतील तर सायंकाळी, परत न्यावे, असा हा बंदोबस्त असतो. आजोळ दूर राहिलेल्या कुटुंबांना तो सोयीचाही वाटतो. चित्रकला, नृत्य, पोहणे, बुद्धिबळ यांच्या जोडीला ‘विज्ञान’ हा विषयही आता त्या फलकांवर हमखास आढळतो, आणि प्रस्तुत लेखाचा विचार त्या एकाच शब्दापुरता आहे.

या विज्ञानाचा मानबिंदू म्हणजे ज्वालामुखी. मातीचा किंवा कागदाच्या लगद्याचा डोंगर, त्याच्या पोटात खाण्याचा सोडा, वरून लाल रंग मिसळलेले व्हिनेगर. फेस उसळतो, मुले टाळ्या पिटतात, छायाचित्र पालकांच्या व्हॉट्सअॅप समूहावर रुजू होते आणि पुढच्या तासाची घंटा होते. या करमणुकीस आमची हरकत नाही; हरकत आहे ती फेस ओसरताक्षणीच डोंगर गुंडाळून ठेवण्यास, कारण विचारण्याजोगा प्रश्न नेमका तेव्हाच जन्मास येत असतो. सोडा दुप्पट घातला तर फेसही दुप्पट येईल काय? दहांतील नऊ मुले ‘हो’ म्हणतात. मग तेवढेच व्हिनेगर ठेवून सोडा चमच्याचमच्याने वाढवीत नेला, की फेस काही मर्यादेपर्यंत वाढतो आणि नंतर वाढेनासा होतो. पेल्याच्या तळाशी पांढरी भुकटी तशीच पडून राहते, कारण तिच्याशी संयोग पावणारे आम्ल संपलेले असते. रसायनशास्त्रातील प्रमाणाचा नियम असा पेल्याच्या तळाशी हाताला लागतो. परंतु त्यासाठी पाऊण तास निवांत हवा, आणि वेळापत्रकात विज्ञानाच्या वाट्याला आलेला असतो अर्धा तास, त्यातही हजेरी घेण्याची दहा मिनिटे वजा.

शाळेला अभ्यासक्रम पुरा करावयाचा असतो, परीक्षेचा हुकूम पाळावयाचा असतो. शिबिराला या दोन्ही गोष्टींपासून माफी आहे. प्रयोग फसला तर फसू द्यावा, पुन्हा मांडावा, उद्यावर टाकावा, ही चैन केवळ सुट्टीतच परवडते. असे असता शिबिरेच स्वतःला शाळेहून घट्ट वेळापत्रकात जखडून घेतात, याचे नवल वाटते.

या बाबतीत पुण्याच्या पदरी मोठी पुण्याई आहे. तिचा एक धागा मात्र दूरवरून येतो: १९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात किशोर भारती व रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १६ शाळांतील सहावी ते आठवीच्या वर्गांत, मुलांनी स्वतः प्रयोग करून निष्कर्ष काढावेत अशी विज्ञानशिक्षणाची पद्धत सुरू केली. ती पुढे जिल्हाभर पसरली, आणि २००२ साली तेथील सरकारने ती बंद केली. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आयआयटीचे पदवीधर आणि पुण्याच्या टेल्को कारखान्यातील अभियंते, १९७८ साली वर्षभराची रजा घेऊन या कार्यक्रमात दाखल झाले. सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी आणि आगपेटीतल्या काड्या यांच्या जोडणीतून आकृत्या बनविण्याची त्यांची युक्ती त्या काळातली. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबला तरी आकार सोडीत नाही, चार काड्यांचा चौकोन बोट लागताच कलतो, आणि त्यात एक कर्ण बसविला की तोही ताठ उभा राहतो. हे ज्याने बोटांनी अनुभवले, त्याला हिंजवडीतील बांधकामांवरच्या क्रेनची भुजा त्रिकोणांनीच का भरलेली असते हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

पुढे हेच गुप्ता सुमारे दशकभर पुणे विद्यापीठाच्या आवारातील ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या केंद्रात मुलांसाठी टाकाऊ वस्तूंची खेळणी करीत बसले. तेथील मुक्तांगण विज्ञान शोधिकेची ‘पुलस्त्य’ ही वास्तू पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून उभी राहिली, ही गोष्ट मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे. शोधिकेच्याही आधी, जयंत नारळीकर संचालक असताना, आयुकाने उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळकरी मुलांसाठी एक उपक्रम आरंभिला होता. दर आठवड्याला आठवी ते दहावीच्या मुलांची एक तुकडी यावी, प्रत्येकाला एकेका शास्त्रज्ञाकडे सोपविले जावे, अभ्यासक्रम ठरलेला नसावा, काय करावयाचे ते मूल आणि मार्गदर्शक यांनी मिळून ठरवावे, ग्रंथालय खुले असावे आणि आठवडा संपताना मुलाने आपल्या कामाचा अहवाल लिहून द्यावा, इतकेच त्याचे नियम. शिबिर चालविणाऱ्या प्रत्येकाने हे नियम दप्तरी लावून ठेवावेत. साधनांची सबब कोणी सांगू लागला, तर त्याला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण करून द्यावी. माँटेसरीची महागडी साधने बाजूला ठेवून शंख, शिंपले, खडे आणि बिया यांवर त्यांनी १९४५ पासून बोर्डीस आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालवाडी चालविली.

आणि हिंजवडीत तर साधनांची ददात मुळीच नाही. दोन सारखे माठ घ्यावेत, एकास बाहेरून तैलरंगाचे दोन हात द्यावेत, दुसरा तसाच कोरा ठेवावा आणि दोहोंत पाच-पाच लिटर पाणी भरून सावलीत, वाऱ्याच्या तोंडी ठेवावेत. परदेशवारीच्या बॅगा तोलण्याचा टांगता काटा येथील बहुतेक घरांतून असतो. त्याला माठ दोरीने अडकवून दर तासाला वजन घ्यावे आणि तापमापकाचा आकडा नोंदवहीत लिहावा. कोऱ्या माठाचे वजन हळूहळू घटते आणि पाणी गार होत जाते. रंगविलेल्याचे वजन जवळजवळ तेवढेच राहते आणि पाणी कोमट. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्ची पडते, आणि तेवढ्याने ५८० ग्रॅम पाणी एका अंशाने थंड होऊ शकते. या हिशेबाने, बाहेरून उष्णता आत आलीच नाही असे धरले, तर पाच लिटरच्या माठातून ५० ग्रॅम पाणी उडाले की उरलेले पाणी पाचसहा अंश उतरावे. प्रत्यक्षात ते तितके उतरत नाही, आणि का उतरत नाही यावर मुलांत जी हुज्जत पडते ती आम्हांस पाठ्यपुस्तकाच्या उत्तराहून मोलाची वाटते. मेअखेरीस पश्चिमेचा दमट वारा सुटू लागला की तोच माठ पूर्वीइतका गार होत नाही, हेही ज्या मुलांनी एप्रिलपासून नोंद ठेवली असेल त्यांच्या ध्यानी येते.

इमारतींच्या पायांसाठी खोदलेल्या खड्ड्यांतून निघालेला काळा कातळ रस्त्याच्या कडेला टाकलेला असतो. हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. म्हणजे कागदी ज्वालामुखी करणारी मुले खऱ्या ज्वालामुखीच्या अवशेषांवरच पाय ठेवून उभी असतात, आणि हे त्यांना बहुधा कोणी सांगत नाही. त्यातील पोकळ्यांत कधीकधी पांढरे स्फटिक सापडतात. लोखंडी खिळ्याने ओरखडा उठला आणि लिंबाचा रस पडताच बारीक बुडबुडे आले, तर तो कॅल्साइट, आणि ते बुडबुडे सोडा-व्हिनेगरच्या फेसातीलच वायूचे. खिळ्याला दाद न देता काचेवर चरा पाडणारी ती गारगोटी. लिंबाच्या रसाने बुडबुडे न येणारे आणि काचेवर चराही न पाडणारे पुष्कळसे खडे झिओलाइट जातीचे. याच पाषाणातील कॅव्हन्साइट नावाच्या निळ्या खनिजामुळे पुण्याच्या दुसऱ्या टोकाचे वाघोली गाव जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे.

परंतु मे महिन्यातला सर्वांत श्रेष्ठ प्रयोग आकाशातला. हिंजवडी सुमारे १८.६ उत्तर अक्षांशावर आहे. उत्तरेकडे सरकणारा सूर्य १३-१४ मेच्या सुमारास मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायातच नाहीशी होते. प्रयोगाला लागते एक सरळ नळी आणि ती खरोखर उभी आहे की नाही हे ठरविण्यासाठी गवंड्याचा ओळंबा. फरशी समतल आहे की नाही हे पाहण्यास त्याचीच पाणसळ. नळी किंचित कलली तरी सावली उरते, आणि मग मुले सूर्याला दोष देऊ लागतात. आदल्या आठवड्यापासून रोज सावलीचे टोक खडूने टिपीत गेले, म्हणजे ती दिवसागणिक आखूड होताना दिसते. तरीही मोठी मौज पुढेच आहे: सर्वांची नजर बाराच्या ठोक्यावर खिळलेली असते, आणि सावली जाते ती बारा वाजून एकतीस मिनिटांच्या आसपास. भारताची प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची, हिंजवडी त्याच्या पावणेनऊ अंश पश्चिमेस, दर अंशाला चार मिनिटे, म्हणून पस्तीस मिनिटांचा उशीर. त्यातून मे महिन्यात सूर्य घड्याळाच्या पुढे असतो ती तीनचार मिनिटे वजा. मुंबईने स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे आपली ३९ मिनिटे मागची निराळी वेळ का राखली होती, याचा उलगडा येथे आपोआप होतो.

या प्रयोगाला गच्ची सोयीची, पण तिला कुलूप असते, आणि ते उघडण्यासाठी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे अर्ज करून मंजुरी मिळवावी लागते. तेवढी यातायात करण्यापेक्षा आवारातल्या उघड्या फरशीवरच नळी उभी करावी आणि शेजारच्या बांधकामावरील गवंड्याला तासभर मानधन देऊन बोलवावे हे अधिक बरे. ओळंबा कसा धरावा हे त्याच्याइतके कोणत्याही प्रशिक्षकाला येत नाही, आणि त्याची स्वतःची मुले, जी या शिबिरांत सहसा दिसत नाहीत, त्या दिवशी तरी नोंदवही घेऊन आत बसू शकतील. सावली नाहीशी होण्याचा हा योग जुलैच्या २९-३० तारखेस पुन्हा येतो. पण तेव्हा मुळशीकडून आलेल्या ढगांनी आकाश भरलेले असते, शाळेच्या घटक चाचण्या चालू असतात, आणि सूर्य डोक्यावरून गेल्याचे कोणाच्या गावीही नसते.