ऑफिस सॉफ्टवेअर टाकण्याचा धंदा : अपडेटसह तयार संच हवा

तीर्थपुरी हे घनसावंगी तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. ऊस, कापूस आणि मोसंबीच्या या पट्ट्यात आडत दुकान, कृषी सेवा केंद्र, पतसंस्था, शाळेचे कार्यालय, सगळीकडे आता संगणक आला आहे. पत्रे, हजेरी, पगारपत्रक, उधारीची यादी ही कामे वर्ड आणि एक्सेलवर होतात. साहजिकच संगणक बसवून देणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या तरुणांना गावातच रोजगार मिळू शकतो. या धंद्यात भांडवल थोडे लागते, परंतु माहिती पक्की लागते.

पुष्कळदा हे काम असे होते : जुनी सीडी किंवा कोणाकडून तरी आलेला पेन ड्राइव्ह लावायचा, ऑफिस टाकायचे, पैसे घ्यायचे आणि निघायचे. यात ग्राहकाचे नुकसान होते आणि कारागिराचा वेळही वाया जातो. ते कसे, हे पाहू.

जुन्या सीडीत काय कमी असते?

सॉफ्टवेअरमधील अनेक दोष ते बाजारात आल्यानंतर उघडकीस येतात. ते दूर करण्यासाठी कंपनी ज्या फायली काढते, त्यांना अपडेट म्हणतात. एक उदाहरण घेऊ. ऑफिसमध्ये गणिताची समीकरणे लिहिण्यासाठी इक्वेशन एडिटर नावाचे साधन होते. ते २००० साली तयार झालेले. त्यात असा दोष होता, की मुद्दाम बनविलेली एखादी फाईल नुसती उघडली तरी परका माणूस संगणकाचा ताबा घेऊ शकत होता. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यावर अपडेट काढले आणि जानेवारी २०१८ मध्ये ते साधनच काढून टाकले. आज कोणी ऑफिस २०१० ची मूळ सीडी लावून थांबला, तर तो दोष जसाच्या तसा ग्राहकाच्या संगणकात जातो. पतसंस्थेच्या संगणकात तर शेकडो खातेदारांची माहिती असते.

अपडेट आधीच मिसळण्याची पद्धत

प्रत्येक संगणकावर आधी ऑफिस टाकायचे आणि मग इंटरनेटवरून अपडेट उतरवत बसायचे, हा लांबचा रस्ता झाला. अपडेट मूळ संचातच मिसळून ठेवले, तर दोन्ही कामे एकदम होतात. यालाच स्लिपस्ट्रीमिंग म्हणतात.

ऑफिस २००३ पर्यंत सीडीची खास प्रत हार्ड डिस्कवर काढून तिच्यावर अपडेट चढवावे लागत. ऑफिस २००७ आणि २०१० मध्ये काम सोपे झाले. संचात ‘अपडेट्स’ नावाचा एक फोल्डर असे. अपडेटमधून एमएसपी प्रकारच्या फायली मोकळ्या करून त्यात ठेवल्या, की ऑफिस टाकतानाच त्या लागू होत. कोणता प्रोग्राम घ्यावा, कोणता वगळावा, हे आधी ठरवून देणारे साधन संस्थांसाठीच्या प्रतींत मिळत असे.

मात्र या जुन्या आवृत्त्यांचे दिवस संपले आहेत. ऑफिस २००७ ला अपडेट मिळणे ऑक्टोबर २०१७ मध्ये बंद झाले, २०१० ला ऑक्टोबर २०२० मध्ये आणि २०१६ व २०१९ या दोन्हींना १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. त्यांत शेवटपर्यंतचे अपडेट मिसळता येतील, पण पुढे सापडणाऱ्या दोषांवर इलाज नाही. ग्राहकाला हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

आजची रीत

नव्या आवृत्त्यांसाठी मायक्रोसॉफ्ट ‘ऑफिस डिप्लॉयमेंट टूल’ हे साधन मोफत देते. काम तीन टप्प्यांत होते.

१. एका छोट्या फाईलमध्ये आपली निवड लिहावी : कोणती आवृत्ती, ३२ बिट की ६४ बिट, कोणती भाषा, कोणते प्रोग्राम वगळायचे. ज्या दुकानदाराला अ‍ॅक्सेस किंवा आउटलुक लागत नाही, त्याच्या संगणकावर ते टाकू नये. इंग्रजीबरोबर मराठी भाषाही जोडता येते.

२. त्या फाईलप्रमाणे संपूर्ण संच एकदाच उतरवून घ्यावा. तो त्या दिवसापर्यंतच्या अपडेटसह येतो.

३. तोच संच पेन ड्राइव्हवरून प्रत्येक संगणकावर टाकावा.

समजा, एका शाळेत १२ संगणक आहेत आणि संच ३ जीबीचा आहे. वेगवेगळे उतरवले तर ३६ जीबी लागतील, एकदा उतरवून घेतला तर ३ जीबीच. जेथे वीज आणि नेट दोन्ही मध्येच जातात, तेथे ही बचत मोठी आहे. दर महिन्याला संच नव्याने उतरवावा आणि फोल्डरच्या नावात तारीख घालावी.

लायसन्सचा प्रश्न

संच एक असला तरी लायसन्स नियमाप्रमाणेच घ्यावे लागते. ‘क्रॅक’ लावून देणे ही ग्राहकाची सोय नव्हे. क्रॅकमधूनच अनेकदा व्हायरस येतो. शिवाय १९५७ च्या कॉपीराईट कायद्याच्या कलम ६३-ब प्रमाणे चोरीचे सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे पैसे कारागीर घेतो आणि संकटात ग्राहक सापडतो.

ज्याला लायसन्स परवडत नाही, त्याला लिबरऑफिस द्यावे. ते मोफत आणि कायदेशीर आहे, मराठीतही चालते. त्याची प्रत्येक नवी आवृत्ती पूर्ण संच म्हणूनच मिळते, त्यामुळे मागचे अपडेट वेगळे शोधावे लागत नाहीत. सॉफ्टवेअर मोफत असले तरी ते बसवण्याची, जुन्या फायली उघडून तपासण्याची आणि शिकवण्याची मजुरी घेण्यात काहीच गैर नाही.

व्यवहार कसा असावा?

बिलावर आवृत्ती, लायसन्सचा प्रकार आणि अपडेटची तारीख लिहून द्यावी. काम सुरू करण्यापूर्वी ग्राहकाच्या फायलींची प्रत काढावी आणि काम झाल्यावर ती त्याच्याच स्वाधीन करावी. ती माहिती आपल्याकडे अमानत असते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतला ओलावा उघड केला, हा प्रसंग आपणा सर्वांना माहीत आहे. वरून कोरडे आणि आतून ओले धान्य विकणे म्हणजे फसवणूक, हा त्याचा धडा. संगणकाच्या आत काय टाकले, हे तर ग्राहकाला दिसतच नाही. म्हणून या धंद्यात कारागिराची जबाबदारी अधिक आहे. आपल्या तरुणांनी हे कौशल्य नीट शिकून घ्यावे आणि चोख काम द्यावे. लहान गावात बातमी लवकर पसरते, चांगल्या कामाचीही आणि वाईट कामाचीही.