चाळीस घोडे आणि पंचेचाळीस अंश

मे महिन्यात भर दुपारी मूल-सिंदेवाही-नागभीड रस्त्याला गाडी लावली की माणसाआधी इंजिनाला धाप लागते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा 45च्या वर गेला तर इकडे कोणाला नवल वाटत नाही. इंजिनाला मात्र फरक पडतो. तापलेली हवा विरळ होते. 20 अंशांना सिलिंडरमध्ये जेवढी हवा मावते, त्याहून 45 अंशांना वजनाने सुमारे आठ टक्के कमी मावते. हवा कमी, तर जाळता येणारं पेट्रोलही कमी. गाडी ‘ओढत नाही’ ही तक्रार इथूनच सुरू होते.

एके काळी ही तक्रार बहुधा फियाटची असायची. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटची 1100 ही गाडी बांधली. आधीची ‘डुक्कर फियाट’, 1964 पासूनची 1100 डी, पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि 1974 पासून पद्मिनी. नावं बदलली, पण बॉनेटखाली तेच 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आणि जेमतेम 40 अश्वशक्ती. त्यातले दोन-तीन घोडे उन्हानेच पळवले, तर घरची पाच माणसं आणि डिकीतलं तांदळाचं पोतं ओढायचं कोणी?

म्हणून फियाटचं ट्यूनिंग ही चैन नव्हती. कंपनीने दिलेली ताकद परत मिळवायची, एवढंच त्यात असे.

त्याचाही क्रम ठरलेला. आधी टॅपेट, मग पॉइंट, मग ठिणगीचं टायमिंग आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट असते साधारण अर्ध्या मिलिमीटरची. कॅमवर घासून पॉइंटची टाच झिजते, फट कमी होते आणि ठिणगी हळूहळू उशिरा पडू लागते. गाडी मरगळते, मालक म्हणतो कार्बोरेटर गेला. घाईतला मेकॅनिकही स्क्रूड्रायव्हर घेऊन आधी तिथेच जातो, कारण तो स्क्रू हाताशी असतो. अशाने इंजिन आयडलिंगला गुळगुळीत चालतं. खरा दोष चढावावर बाहेर पडतो. मुरलेला मेकॅनिक आधी फट मोजायचा फिलर गेज काढतो. मग प्लग खोलून रंग बघतो: काजळी धरलेला असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा फटक असेल तर कमी, बदामी असेल तर जमलं.

या भागात त्याला आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली धूळ. धानाची मळणी सुरू झाली की कोंडा आणि माती एअर फिल्टरमध्ये जाऊन बसते. तो बदलला तरी पिकअप सुधारतो. दुसरी पंपातली वाफ. फियाटचा पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटलेला. उन्हात गाडी उभी राहिली की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि सेल्फ मारमारून बॅटरी उतरते. इलाज एकच, पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि थोडं थांबायचं. पुस्तकी इंजिनिअरिंगमध्ये हे बसत नाही, पण गाडी सुरू होते.

जास्तीची ताकद काढणारेही होते. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर फियाट शर्यतीत पळत. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचं, पोर्ट गुळगुळीत करायचे, कार्बोरेटर मोठा बसवायचा. शर्यतीपुरतं हे ठीक. घरच्या गाडीत कॉम्प्रेशन वाढवून चंद्रपूरच्या उन्हात साधं पेट्रोल भरलं, तर नॉकिंगने पिस्टन खायला वेळ लागत नाही. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं आहे. त्यात आधीच ऑक्सिजन असल्याने कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर मिश्रण पातळ होतं, शिवाय जुने रबरी पाइप कुजतात ते वेगळंच.

पद्मिनी 2000च्या आसपास बंद झाली, मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. आज चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टसचं छोटं टर्बो इंजिन फक्त 999 सीसीचं, म्हणजे पद्मिनीपेक्षा लहान. ताकद मात्र 115 पीएस. इथे फिलर गेजचं काम उरलं नाही. लॅपटॉप जोडून ईसीयूचा, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचा, नकाशा बदलायचा, टर्बोचा दाब वाढवायचा, टायमिंग पुढे न्यायचं. त्याला रीमॅप म्हणतात आणि फरक पहिल्याच ओव्हरटेकला कळतो.

तरी ऊन इथेही सुटत नाही. नॉक सेन्सरला खडखड जाणवली की ईसीयू टायमिंग आपणहून मागे घेतो, त्यामुळे पुण्याच्या थंडीत मोजलेले घोडे सिंदेवाहीच्या मे महिन्यात सगळेच्या सगळे हजर राहत नाहीत. रीमॅप विकणारा हे क्वचितच सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52ही तो सांगत नाही: आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल त्यात मना आहे. वाढवलेले घोडे आरसीवर चढत नाहीत, आणि अपघातानंतर विमा कंपनीच्या माणसाने ईसीयू वाचायला घेतला तर वॉरंटीबरोबर दावाही अडकू शकतो. चंद्रपूरच्या, म्हणजे एमएच-34च्या गाडीला रीमॅप करायचाच असेल, तर आधी एअर फिल्टर, प्लग आणि कूलंट बदलून महिनाभर गाडी चालवून बघावी. बऱ्याच जणांची तक्रार तेवढ्यातच मिटते, आणि तेही काही हजारांत.