भर पावसात फावडं घेऊन

३१ ऑगस्ट २०२१. चाळीसगावात तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्या घरांत शिरलेल्या, आणि वर कन्नड घाटात दरड कोसळून धुळे-सोलापूर महामार्ग बंद. रस्त्यावर दगड, चिखल, मधे अडकलेले मालट्रक. डांबरी महामार्गाची ही गत, तर हात-दोन हात रुंदीच्या मातीच्या वाटेचं अशा पावसात काय होत असेल?

या प्रश्नापायी झोप उडालेल्या माणसांची एक जमात जगात आहे. डोंगरात सायकल चालवणाऱ्यांसाठी पदरमोड करून वाटा पाडणारे हे लोक. सायकलवाले त्यांना ट्रेल बिल्डर म्हणतात. सुट्टीच्या दिवशी बाकीचे सायकल काढतात, हे फावडं काढतात. मुसळधार पाऊस लागला की शहाणी माणसं घरात बसून भजी तळतात. हे मात्र तेव्हाच डोंगरावर जातात. पाणी वाटेवर कुठून चढतं आणि कुठे उतरतं, ते पाऊस पडत असतानाच दिसतं ना! घरच्यांना हा माणूस वाया गेलाय असं वाटत असेल, तर त्यांचं फार चुकत नाही.

या वेडाला तशी फार वर्षं झालेली नाहीत. कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपाइस परिसरात काही पोरं जुन्या, जड सायकली घेऊन कच्च्या रस्त्याने सुसाट उतरायची. त्यांची ‘रिपॅक’ ही शर्यत १९७६ साली सुरू झाली. पुढे कॅनडात, व्हँकुव्हरजवळच्या नॉर्थ शोअरच्या ओल्या, दलदलीच्या जंगलात टॉड फियान्डर या माणसाने पडलेल्या देवदारांच्या फळ्या काढून शिडीसारखे पूल रचले आणि चिखलावरून सायकली नेल्या. लोक त्याला ‘डिगर’, म्हणजे खोदणारा, याच नावाने ओळखतात.

खोदायचं म्हणजे तरी काय करायचं? नवशिक्या माणूस वाट सरळ वर नेतो. पहिल्याच पावसाळ्यात तिचा ओहोळ होतो, दुसऱ्यात घळ. मग चालणारे घळ टाळून बाजूने जातात आणि तिथेही माती सुटते. किल्ल्यांवर जाणाऱ्यांनी हे शंभरदा पाहिलं असेल. जाणकार वाट डोंगराला आडवी घेतात आणि एक साधा हिशेब पाळतात: डोंगराचा जो उतार असेल, त्याच्या निम्म्याहून वाटेचा उतार जास्त नको. उतार ४० टक्के असेल तर वाट २० टक्क्यांच्या आतच, आणि एकूण सरासरी १० टक्क्यांच्या आसपास. वाटेची दरीकडची कड ५ टक्के खाली, म्हणजे पाणी आडवं निघून जातं. शिवाय थोड्या-थोड्या अंतरावर उतरती वाट जरा वर उचलून पुन्हा खाली सोडतात. त्या खोलगटात पाणी वाट सोडतं. सायकलवाल्याला वाटतं, आपल्या मजेसाठी उंचवटा केलाय.

खानदेशात हे शास्त्र परकं नाही. ‘वॉटर कप’ या जलसंधारण स्पर्धेच्या दिवसांत अमळनेर तालुक्यातल्या गावांनी ऊन तापायच्या आत टिकाव-घमेली घेऊन समतल चर खोदले. त्यासाठी वापरलेलं यंत्र म्हणजे ‘अ’ आकारात बांधलेल्या तीन काठ्या, वरून सोडलेली दोरी आणि दोरीच्या टोकाला दगड. दोरी आडव्या काठीवरच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे फक्की टाकायची, एक पाय जागेवर ठेवून दुसरा फिरवायचा, पुन्हा दोरीकडे बघायचं. डोंगरावर पांढरी रेघ उमटत जाते. वाट पाडणाराही अशीच रेघ ओढतो, फक्त त्याची दोरी खुणेपासून किंचित सरकलेली असते. चराला पाणी अडवायचं असतं, वाटेला ते घालवायचं असतं.

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने हे श्रमदान एका मोसमापुरतं ठेवलं नाही. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी गेली तीन दशकं चर खोदले, बांध घातले, कुऱ्हाडबंदी पाळली आणि चारशे हेक्टरांहून अधिक जंगल राखलं. पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली.

एक गोष्ट मात्र उत्साही सायकलवाल्यांनी आधीच ऐकून ठेवावी. यावलच्या अभयारण्यात किंवा कुठल्याही राखीव वनात परवानगीशिवाय वाट पाडणं हा गुन्हा आहे. वन कायदा १९२७ पासून आहे. नॉर्थ शोअरवरच्या कित्येक वाटाही सुरुवातीला चोरूनच झाल्या. १९९७ मध्ये तिथे संघटना उभी राहिली आणि जमीनमालकांशी बोलून काम करायची रीत पडली.

सायकलच्या खेळासाठी नव्हे, पण वाटेच्याच वेडाने आयुष्य घालवलेला माणूस मात्र अस्सल मराठी आहे. नगर जिल्ह्यातल्या गुंडेगावचे राजाराम भापकर. शिक्षण सातवीपर्यंत, नोकरी प्राथमिक शिक्षकाची. १९५७ पासून ते कोळेगावच्या शाळेत शिकवत. मधे संतोषा डोंगर, त्यामुळे वळसा घालून २९ किलोमीटर जावं लागे. रस्त्यासाठी सरकारदरबारी अर्ज केले, हालचाल होईना. मग गुरुजींनीच कुदळ घेतली. शाळा सुटल्यावर खोदायचं, सोबतीला मजूर घ्यायचे, त्यांची मजुरी आपल्या पगारातून द्यायची. निवृत्त झाल्यावर निवृत्तिवेतनही तिकडेच गेलं. गुरुजींच्या घरात महिनाअखेरीला काय बोलणी होत असतील, याचा अंदाज मध्यमवर्गीय वाचकाला सहज येईल.

सुमारे ५७ वर्षांत त्यांनी ७ रस्ते केले. एकूण लांबी ४० किलोमीटर. कोळेगाव आता १० किलोमीटरवर आलं आहे. आणि जिथून पूर्वी साधी सायकलसुद्धा नेता येत नसे, त्या डोंगरावरून मोठ्या गाड्या जातात.