ब्लॉन्डीचं 'हार्ट ऑफ ग्लास': पंकच्या अड्ड्यातून डिस्कोच्या फ्लोअरवर

ऐंशीच्या दशकातल्या सिंथ-पॉपची चाहूल ज्या गाण्यांनी दिली, त्यांत हे एक बिनीचं गाणं! 🎧

न्यूयॉर्कच्या सीबीजीबी या पंक क्लबमधून पुढे आलेल्या ब्लॉन्डी या बँडकडे हे गाणं 1975 पासून पडून होतं. गायिका डेबी हॅरी आणि गिटारवादक ख्रिस स्टाइन यांची ही रचना. बँडमध्ये तिला नुसतं 'द डिस्को साँग' म्हणत. 1978 मध्ये 'पॅरलल लाइन्स' अल्बमच्या वेळी निर्माता माइक चॅपमनने ती ऐकली आणि तिचं सोनं केलं.

🥁 सुरुवातीची ती टिकटिक नीट ऐका. तो रोलँड सीआर-78 हा रिदम बॉक्स. त्याच्याशी तंतोतंत जुळावं म्हणून ड्रमर क्लेम बर्कने बास ड्रम वेगळा रेकॉर्ड केला.

🎹 मधल्या वाद्यांच्या तुकड्यात चारचा ठेका मोडून सात मात्रा येतात. आपल्या रूपक तालाची सवय असलेल्या कानांना ही गंमत लगेच पकडता येईल!

जानेवारी 1979 मध्ये सिंगल आलं आणि ब्रिटन-अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेलं. पंकवाल्यांनी मात्र 'हे विकले गेले' म्हणून नाकं मुरडली. त्याच वर्षी जुलैत शिकागोच्या स्टेडियममध्ये डिस्कोच्या रेकॉर्ड स्फोटाने उडवल्या गेल्या, इतका तेव्हा रॉक-डिस्को वाद पेटला होता. ब्लॉन्डीने या दोहोंमधली भिंत ओलांडली. 1981 मध्ये 'रॅप्चर' या गाण्यातून रॅपही अमेरिकेत अव्वल स्थानी नेलं.

2020 मध्ये मायली सायरसनेही हे गाणं गायलं. हेडफोन लावून मूळ गाणं एकदा ऐकाच!