जुन्या मोटारीच्या सुकाणूची गळती

यंत्राच्या दुरुस्तींत नवा भाग आणून बसविण्यापेक्षां रोग कोठें आहे हें ओळखणें अधिक कठीण, असें आम्हांस वाटतें. याचें उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकेंतील फोर्ड कंपनीची ‘मस्टँग’ मोटार. १९६४ च्या एप्रिलांत ती बाजारांत आली. तिचे शौकीन आजही जुन्या गाड्या निगुतीनें जतन करितात. आणि ज्या गाडीस पॉवर स्टीअरिंगची जोड आहे, तिच्याखालीं पडणाऱ्या लाल तेलाच्या थेंबांनीं ते हैराण होतात.

तेलाच्या दाबानें सुकाणू हलकें करण्याची युक्ति फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन एंजिनिअरानें १९२६ मध्यें मोटारींत बसवून दाखविली. परंतु विक्रीच्या मोटारींत ती प्रथम आली १९५१ सालीं, क्रायस्लर कंपनीच्या ‘इंपीरियल’ गाडींत. मस्टँगमधील योजना साधी आहे. एंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेलास दाब देतो. रबरी नळ्यांतून तें जातें व परत येतें. झडप त्यास वाट दाखविते. आणि सिलिंडरांतील दट्ट्या चाकें वळविणाऱ्या दांड्यास ढकलतो. चक्र फिरविलें कीं झडपेंतील लहानसा दंडगोल किंचित् सरकतो व हवी ती वाट तेलास मोकळी होते. ज्यांनीं पिचकारी हाताळली आहे, त्यांस यांत गूढ असें कांहींच नाहीं.

आतां गळतीकडे वळूं. थेंब जेथें पडतो तेथेंच त्याचा उगम असतो, असें मुळींच नाहीं. पंपाच्या आंसाचें सील झिजलें म्हणजे तेल ओघळत खालीं झडपेच्या बुडाशीं येऊन टपकतें, आणि बिचारी झडप निष्कारण उघडली जाते! म्हणून प्रथम सर्व भाग धुऊन कोरडे करावे, खालीं पांढरा कागद अंथरावा, एंजिन चालू ठेवून दुसऱ्याकडून चक्र सावकाश फिरवून घ्यावें, आणि सर्वांत वरची ओली जागा शोधावी. या वेळीं पंखा व पट्टा यांपासून हात दूर ठेवावे.

झडप काढतांना ती दांड्यावरून किती फेऱ्यांत सुटली हें टिपून ठेवावें; नाहींतर पुढें चाकें सरळ असतां चक्र वांकडें राहतें. दंडगोलाच्या कडा खरखरीत कागदानें घासूं नयेत. त्या बोथट झाल्या कीं तेल आंतल्या आंत निसटतें. दट्ट्याच्या दांड्यावर गंजाचे खड्डे असतील तर नवें सीलहि लवकरच फाटतें. तेथें दोष रबराचा नव्हे, पोलादाचा; तेव्हां सिलिंडरच बदलावा.

जोडणीनंतर पुढचीं चाकें भक्कम आधारावर उचलून चक्र दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवावें, म्हणजे तेलांतील हवा निघून जाते. एंजिन सुरू होतांच चाकें आपोआप एका बाजूस वळूं लागलीं, तर दंडगोल मध्यावर नाहीं असें समजावें. ती चूक सुधारल्याखेरीज गाडी रस्त्यावर नेऊं नये.

कोणी म्हणतील, तेल संपलें तरी सुकाणू बंद पडत नाहीं, मग एवढा खटाटोप कशाला? तें खरें; पण वळणावर एकाएकीं जड झालेलें चक्र गाडींतील मुलाबाळांच्या जिवावर बेतूं शकतें, आणि धुराच्या तापलेल्या नळीवर उडालेलें तेल पेटूंहि शकतें. म्हणून खालीं भांडें ठेवून दिवस ढकलण्यापेक्षां एक रविवार खर्चून उगम शोधावा, हेंच शहाणपणाचें.