कातळाच्या पोटातील सूक्ष्म चुंबक

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात केंदूर नावाचे गाव आहे. दख्खनच्या पठारावरील इतर गावांप्रमाणे येथेही जमिनीखाली काळा पाषाण, म्हणजेच बेसाल्ट, पसरलेला आहे. विहीर खणताना कधी कठीण कातळ लागतो, तर कधी मऊ मुरूम. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूकवचाच्या भेगांतून बाहेर पडलेला लाव्हा एकावर एक पसरून थिजला. त्याचेच हे थर होत.

एक सोपा प्रयोग करून पाहा. ओढ्यातील मूठभर वाळू उन्हात वाळवा व कागदावर पसरा. जुन्या स्पीकरमधील चुंबक पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वाळूवरून फिरवा. पिशवीला बारीक काळे कण चिकटतील. चुंबक पिशवीतून बाहेर काढताच ते कागदावर गळून पडतील. हे कण मुख्यतः मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोखंडाच्या एका ऑक्साइडचे असतात. बेसाल्टमधील मॅग्नेटाइटमध्ये बहुधा थोडे टायटॅनियमही असते. कातळ झिजला की हे कण सुटे होऊन पाण्याबरोबर ओढ्यात येतात.

तुमच्या कागदावरचे कण डोळ्यांना दिसतात, म्हणजे ते बरेच मोठे आहेत. कातळात याहून कितीतरी बारीक कणही असतात. त्यांतील काहींचा व्यास अवघा २० ते ८० नॅनोमीटर असतो. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर!

लहानपणीचे निराळे वागणे

मोठ्या कणात चुंबकत्वाची अनेक छोटी क्षेत्रे असतात. प्रत्येकाची दिशा वेगळी असल्याने ती एकमेकांचा प्रभाव बरेचसे नाहीसा करतात. कण पुरेसा लहान झाला, की त्यात एकच क्षेत्र उरते. असा कण म्हणजे एक अखंड चुंबक. तो आपली दिशा घट्ट धरून ठेवतो.

मग कण आणखी लहान केला तर चुंबक आणखी पक्का होईल का? नाही! मॅग्नेटाइटचा कण सुमारे २५ ते ३० नॅनोमीटरपेक्षा लहान झाला, की नेहमीच्या तापमानातील उष्णतेचे धक्केच त्याची दिशा उलटसुलट करू लागतात. या अवस्थेला अतिसमचुंबकत्व म्हणतात. बाहेरचे चुंबकीय क्षेत्र असेपर्यंत असा कण जोरात प्रतिसाद देतो. क्षेत्र काढले की सारे विसरतो.

फ्रेंच शास्त्रज्ञ लुई नेएल यांनी १९४९ मध्ये याचे गणित मांडले. त्यांना १९७० चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या गणितातील एक नमुना पाहा. समजा, एखादा कण आपली दिशा सरासरी ७२ सेकंद टिकवतो. त्याचा व्यास केवळ २६ टक्क्यांनी वाढवला, तर घनफळ दुप्पट होते. आणि दिशा टिकण्याचा काळ होतो सुमारे १ लाख ६० हजार वर्षे! कण आणखी जरा मोठा असला, की कोट्यवधी वर्षांची स्मृती त्याला सहज पेलते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सी. राधाकृष्णमूर्ती, पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे, एस. डी. लिखिते या शास्त्रज्ञांनी बेसाल्टच्या चुंबकत्वाचा अभ्यास केला. १९६५ च्या सुमारास राधाकृष्णमूर्ती व लिखिते यांनी वेगवेगळ्या वारंवारतेच्या दुबळ्या चुंबकीय क्षेत्रात खडकाचा प्रतिसाद मोजणारे उपकरण तयार केले. क्षेत्र भराभर उलटू लागले, की काही अतिसूक्ष्म कण मागे पडतात व प्रतिसाद घटतो. त्यावरून खडक न फोडताही आतील कणांच्या आकाराचा अंदाज बांधता येतो.

विरल मृत्तिकांची गंमत

येथे एक तुलना उद्‌बोधक ठरेल. गॅडोलिनियम, डिस्प्रोसियम, होल्मियम ही विरल मृत्तिका गटातील मूलद्रव्ये. होल्मियमच्या एका आयनाचे चुंबकीय बळ लोखंडाच्या आयनाच्या जवळजवळ दुप्पट असते. असे असूनही त्यांच्या ऑक्साइडांचे नॅनोकण नेहमीच्या तापमानाला चुंबक बनत नाहीत. कारण बळ देणारे इलेक्ट्रॉन अणूच्या आतल्या कवचात दडलेले असतात. शेजारच्या आयनांशी त्यांचा धागा फारच दुबळा जुळतो. प्रत्येक जण बलवान, पण एकी नाही! मॅग्नेटाइटमध्ये मात्र लोखंडाचे आयन ऑक्सिजनमार्फत एकमेकांना बांधलेले असतात. म्हणूनच स्मृती मॅग्नेटाइटकडे राहते. गॅडोलिनियमचा हा गुणही वाया जात नाही. एमआरआय तपासणीत चित्र स्पष्ट यावे म्हणून त्याची संयुगे वापरतात व त्याच्या ऑक्साइडच्या नॅनोकणांवरही त्यासाठी संशोधन झाले आहे.

कातळाने काय लक्षात ठेवले?

लाव्हा बाहेर पडतो तेव्हा त्याचे तापमान ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तेव्हा त्यात चुंबकत्व नसते. शुद्ध मॅग्नेटाइट ५८० अंशांखाली आल्यावर चुंबकीय होते. टायटॅनियम असल्यास त्याहून कमी तापमानाला. थंड होताना कण पृथ्वीच्या त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरतात आणि ती तशीच गोठते.

लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये दख्खनच्या बेसाल्टवरील मोजमापे प्रसिद्ध केली. पुढे अनेकांनी ती वाढवली. सह्याद्रीच्या खालच्या थरांतील चुंबकत्व आजच्यासारखे उत्तरेकडे नाही. ते दक्षिणेकडे आहे व जमिनीत ४५ ते ५० अंश खाली झुकलेले आहे.

आता तर्क करू या. उत्तर गोलार्धात क्षेत्र उत्तरेकडे व खाली झुकते; दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे व वर. क्षेत्र उलटे झाले, तर उत्तर गोलार्धात ते दक्षिणेकडे व वर जाईल. मग ‘दक्षिणेकडे व खाली’ केव्हा? भूमी दक्षिण गोलार्धात असेल आणि क्षेत्रही उलटे असेल तेव्हाच! खडकच फिरला असेल, अशी शंका येईल. पण महाबळेश्वरच्या माथ्याकडील थरांत चुंबकत्व उत्तरेकडे व वर आहे. एकाच डोंगराचा खालचा भाग फिरला आणि वरचा नाही, असे कसे होईल? तेव्हा मधल्या काळात पृथ्वीचे क्षेत्रच उलटले, हे मानावे लागते.

झुकावाच्या कोनाची ‘टॅन’ किंमत अक्षांशाच्या ‘टॅन’ किमतीच्या दुप्पट असते. ४९ अंशांवरून अक्षांश मिळतो सुमारे ३० अंश दक्षिण. केंदूरचा आजचा अक्षांश १८.८ अंश उत्तर आहे. म्हणजे ही भूमी सुमारे ४९ अंश, म्हणजे जवळजवळ ५४०० किलोमीटर उत्तरेकडे सरकली. वर्षाला सरासरी ८ सेंटिमीटर! खंड सरकतात हे वेगेनर यांनी १९१२ मध्ये मांडले, तेव्हा बहुतेकांनी ते नाकारले होते. ते पटवून देणाऱ्या पुराव्यांत आपल्या काळ्या कातळाचाही वाटा आहे.

अर्थात प्रत्येक दगड विश्वासू नसतो. वीज पडली, तर त्याची जुनी दिशा पुसली जाते. हवापाण्याने कुजलेल्या दगडात नवी खनिजे बनतात. म्हणून शास्त्रज्ञ ताज्या कातळातून अनेक नमुने घेतात. काढण्यापूर्वी प्रत्येकावर उत्तर दिशेची व आडव्या पातळीची खूण करतात. नंतर तो टप्प्याटप्प्याने तापवून वरवरचे नवे चुंबकत्व घालवतात.

तुमच्यासाठी एक गणित: एखाद्या थरातील झुकाव ४५ अंश असेल, तर तो कोणत्या अक्षांशावर थिजला असेल? टॅन कोष्टक काढा आणि उत्तर वर्गात ताडून पाहा.